हनुवटीची गाठ

१

बनुबाईला आधी तो भोपळाच वाटला.

बोरवाडीच्या पाझर तलावातला गाळ काढून टेम्पोवाल्या कानिफनाथच्या रानात पसरायचं काम चाललं होतं. तिसगावच्या या बाजूला उन्हाळ्यात तलावाला तळ लागला की पोकलेन येतं आणि काळा गाळ टिपरनं भरून माळावर ओततात. बनुबाई रोजानं त्या गाळातले गोटे वेचत होती. गोल, मातकट काहीतरी हाताला लागलं. पाटीत टाकायला म्हणून तिनं ते उचललं, तर त्याला डोळ्यांच्या खोबण्या होत्या.

बनुबाई काही भित्री बाई नव्हे. तिनं नागाला खराट्यानं हाकललेलं आहे. पण तिची किंकाळी पलीकडच्या वस्तीवर ऐकू गेली.

ती कवटी होती आणि तिला खालचा जबडा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाळात जबडाही निघाला. पुढच्या एका दाताला स्टीलची टोपी होती. बघ्यांच्या गर्दीतून लंकाबाई वाट काढत आली, टोपीवरची माती तिनं अंगठ्यानं पुसली आणि मटकन खाली बसली.

"ह्यो माझ्या श्रीमंतचा दात हाय," ती म्हणाली. "तिसगावच्या दातवाल्याकडनं मीच बशिवला हुता. अरं माझ्या वासरा, तू हितंच हुतास का रं!"

गर्दी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. कारण श्रीमंत तर पळून गेला होता! तेरा वर्षांपूर्वी, मोठ्या दुष्काळात, कानिफनाथच्या टेम्पोवरचा हा उंचापुरा ड्रायव्हर एकाएकी गायब झाला आणि त्याच दिवसापासून अंगदची बायको पुष्पावतीही दिसेनाशी झाली. टेम्पो पाथर्डीच्या स्टँडवर बेवारस सापडला. मग गावानं दोन आणि दोन चार केले. कानिफनाथनं तर दोघांना पुण्यात डोळ्यांनी पाहिलं होतं. पुष्पावतीची पाच वर्षांची रोहिणी मागे राहिली. 'पळून गेलेलीची पोर' हे तिचं नाव शाळेच्या दाखल्यावर नव्हतं इतकंच.

आता श्रीमंत इथं, गाळात. मग पुष्पावती कुठे?

"त्या अवदसेनंच मारला माझा ल्योक!" लंकाबाई किंचाळली. "मारला अन् दुसऱ्याचा हात धरून गेली!"

मग ती एकदम शांत झाली. मढ्याचं तोंड उघडं पडू नये म्हणून हनुवटी बांधतात, तसा तिनं पदराचा काठ टरकावला, जबडा कवटीला लावला आणि डोक्यावर घट्ट गाठ मारली. पोलीस आले होते, पण मध्ये पडायची कोणाची छाती झाली नाही.

२

नगरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सत्यशीला शेटे हाडांच्या जाणकार. मूळच्या नेवाशाच्या, बोलायला मऊ, पण एकदा शंका आली की रात्रभर कूस बदलत राहणाऱ्या. सहायक निरीक्षक समर्थ गर्जे यांनी त्यांना बोलावलं ते एका साध्या कामासाठी.

"मॅडम, ओळख पटलेलीच आहे," गर्जे जीपमध्ये म्हणाले. "वरिष्ठांना फक्त उंची जुळलेली हवी आहे. चेहऱ्याच्या मापावरून उंची काढता येते ना?"

"अंदाज काढता येतो," सत्यशीला म्हणाल्या. "मांडीचं हाड मिळालं असतं तर मी जास्त खात्रीनं बोलले असते. चेहरा म्हणजे सगळ्यात कच्चा आधार. तरी उंच माणसाचा चेहरा साधारणपणे लांब असतो, गालाची हाडं रुंद असतात. ती मापं घ्यायची, आपल्याकडच्या लोकांवरून बसवलेल्या गणितात घालायची. दोन-तीन इंचांची चूक धरूनच चालायचं. पण आधी मला त्या माणसाची खरी उंची कळायला हवी."

म्हणून त्या आधी बोरवाडीला गेल्या.

"माझा श्रीमंत दारातनं वाकून यायचा," लंकाबाई म्हणाली. "मी सारखी ओरडायचे, चौकट लागंल. तरी लागायचीच." तिनं चौकटीवरचा झिजून गुळगुळीत झालेला भाग दाखवला. सत्यशीलांनी टेप लावली. श्रीमंत पावणेसहा फुटांच्या आसपासचा असणार.

कानिफनाथ खळ्यात खुर्ची टाकून बसला होता. बोलायची हौस दांडगी.

"श्रीमंत म्हंजी ताडमाड गडी. त्याच्या आधी टेम्पो अंगदच चालवायचा माझा. पर त्यो लई तापट, गिऱ्हाइकाशी भांडायचा, म्हून काढला अन् श्रीमंतला ठिवला. दुष्काळात पाण्याचे बॅरल तोच आणायचा वाडीला. बायामानसं लई खूश त्याच्यावर." त्यानं डोळा बारीक केला. "पुन्यात दिसली ना मला दोघं. स्वारगेटला."

"आणि अंगद?"

"त्यो मग तळ्यात झिरा खांदत बसायचा. तळं कोरडं ठाक, तरी खाली वाईच पाझर लागंल म्हून पुरुषभर खड्डा केला, भिताडाच्या कडंला. अन् एक दिस काय डोस्क्यात आलं, बुजवून टाकला. म्हनं पानी न्हाई लागत."

अंगदचं घर गावाच्या कडेला. ओसरीवर भिंतीला एकच तसबीर होती: एक म्हातारी, कपाळ मोकळं, गळ्यात तुळशीची माळ. अंगदची आई मुक्ताबाई शेंगा फोडत होती. जिला कवटी सापडली ती बनुबाई तिथंच बसली होती. तिची भीती अजून गेली नव्हती आणि मुक्ताबाई तिला चहा पाजून धीर देत होती.

"ह्यी माऊली लई धर्माची हाय, बाई," बनुबाई सत्यशीलांना म्हणाली. "सून अशी तोंडाला काळं फासून गेली, पर हिनं नात पोटच्या लेकीवानी वाढविली. मला दरसाली पितरपाठात नवमीला सवाष्ण म्हून जेवाय बोलावती. पुरनाची पोळी, साडी, चोळी, ओटी. रोहिनी शाळंत जाया लागली त्या सालापासनं एक वरीस चुकलं न्हाई."

"पुरं कर, बने," मुक्ताबाई पुटपुटली आणि शेंगा घेऊन आत गेली.

अंगद दावणीशी बैलाला पाणी पाजत होता. रुंद खांद्यांचा, अबोल.

"पुष्पावतीबद्दल काय सांगाल?"

"मला ती मेली," तो म्हणाला. त्यानं वर बघितलं नाही.

निघताना जीपच्या मागे धावत एक मुलगी आली. अंगानं लहानखुरी, डोळे सुजलेले. ती रोहिणी होती.

"मॅडम, पोलीस आता माझ्या आईला खुनी ठरवणार म्हणतात. खरंय?"

गर्जे खिडकीबाहेर बघत राहिले. सत्यशीला जीपमधून खाली उतरल्या.

"पळून गेली इथवर मी सोसलं," रोहिणी म्हणाली. "वाटायचं, कुठं का असंना, जिती तर हाय. एखाद्या दिवशी येईल, मग मी तिला विचारीन, मला का नेलं नाहीस. पण खून? तिला कोंबडी कापलेली बघवायची न्हाई, मॅडम. माझ्याएवढी तर होती ती." तिनं ओढणीच्या गाठीतून एक फोटो काढला. आईवडिलांच्या लग्नाचा. "आबांनी, म्हणजे वडिलांनी, सगळे जाळले. एवढाच राहिला."

फोटोत नवरी नवऱ्याच्या खांद्याला लागत होती. सत्यशीलांनी नीट पाहिलं. शालूच्या काठाखाली पाटाचा कोपरा डोकावत होता. फोटोवाल्यानं तिला पाटावर उभी केली होती.

३

पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत टेबलावर पांढरं फडकं अंथरलं होतं. त्यावर ती कवटी, हिरव्या काठाच्या पट्टीनं हनुवटी बांधलेली. खोलीच्या दारात लंकाबाई ठाण मांडून बसली होती.

"गाठ सोडू नगा, बाई," ती हात जोडून म्हणाली. "मढ्याची गाठ सोडली तर जीव घुटमळत राहातो. तेरा वर्सं माती खाल्ली माझ्या लेकरानं. आता तरी त्याला गप पडू द्या."

नियम पाहिला तर सत्यशीलांनी तिचं ऐकायला नको होतं. पण त्या म्हातारीकडे पाहून त्यांचा हात धजेना. पट्टी न सोडता घेता येतील तेवढी मापं घेऊ, असं म्हणून त्यांनी कॅलिपर उचलला.

नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या टोकापर्यंत चेहऱ्याची पूर्ण लांबी. त्यांनी आकडा घेतला, पुरुषाच्या गणितात घातला. उत्तर आलं पावणेसहा फुटांच्या जवळपास.

"जुळलं!" गर्जेंनी सुटकेचा श्वास सोडला. "चला, माझी फाईल पुढं सरकली."

"एकच माप झालंय," सत्यशीला म्हणाल्या.

मग त्यांनी गालांच्या हाडांमधली रुंदी घेतली. गणित केलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा माप घेतलं, आकडा तोच आला. नाकाच्या मुळापासून वरच्या हिरडीपर्यंतचं माप घेतलं. कपाळाची रुंदी घेतली.

"काय झालं, मॅडम?"

"गालाची हाडं म्हणतात, हे माणूस जेमतेम पाच फूट. कपाळही तेच म्हणतंय. चेहऱ्याचा वरचा भागही तेच म्हणतोय. एकटी पूर्ण लांबी म्हणते पावणेसहा."

"तुम्हीच म्हणालात, कच्चा आधार आहे."

"कच्चा आहे, हो. दोन-तीन इंचांचा फरक मी डोळे झाकून गिळला असता. हा आठ-नऊ इंचांचा आहे. एकाच तोंडानं दोन माणसांच्या उंच्या कशा सांगाव्यात?"

बोलता बोलता त्या थांबल्या. ज्या ज्या मापात खालचा जबडा नव्हता, ती सगळी मापं एका बाजूला होती. जबडा धरून घेतलेलं माप एकटंच दुसऱ्या बाजूला होतं.

त्यांनी कॅलिपर खाली ठेवला. त्या उठल्या, दारात लंकाबाईसमोर खाली बसल्या आणि तिचे दोन्ही हात धरले.

"मावशी, मला ही गाठ सोडावी लागणार आहे. तुम्ही ओळखलेल्या दातावर माझा विश्वास आहे. पण गाठ सोडल्याशिवाय मला तुमच्याशी खरं बोलता येणार नाही."

लंकाबाईनं आपले हात सोडवून घेतले. मग उठली, टेबलाशी आली आणि तिनं स्वतःच गाठ सोडली.

जबडा सुटा झाला. माणसाच्या जबड्याला दोन टोकं असतात, ती कानाजवळच्या दोन खोबणींत बसतात. सत्यशीलांनी डावं टोक डाव्या खोबणीत बसवलं. उजवं बाहेर राहिलं. उजवं बसवलं, डावं निसटलं. बोटभर जास्तच रुंद होता तो जबडा. त्यांनी भिंग लावलं. वरच्या दातांना आतून मिश्रीचा काळाकुट्ट थर होता आणि खालचे दात लख्ख होते. भुवयांची हाडं गुळगुळीत, नाजूक. हे आधी दिसलं नव्हतं असं नाही. पण दात श्रीमंतचा, म्हणजे डोकंही श्रीमंतचंच, असं सगळ्यांच्या बरोबर त्यांनीही धरून टाकलं होतं.

"गर्जे," त्या म्हणाल्या, "जबडा श्रीमंतचाच असेल. पण ही कवटी त्याची नाही. ही बाईची आहे."

लंकाबाईनं तोंडावर हात दाबला. तेरा वर्षं जिला तिनं उठता-बसता शिव्याशाप दिले, तिच्याच कवटीला तिनं आपल्या लेकाचा जबडा स्वतःच्या पदरानं बांधला होता.

४

रोहिणीचं रक्त तपासणीला गेलं. अहवाल यायला वेळ होता, पण गर्जेंना थांबवत नव्हतं. कवटीच्या मागच्या बाजूला हाड आत दबलेलं होतं. जड काहीतरी मागून बसलं होतं.

कानिफनाथला त्यांनी ठाण्यात बोलावलं.

"पुण्यात तुम्ही दोघांना पाहिलं. कधी?"

"ती गेल्यावर सा-सात म्हयन्यांनी, सायेब. स्वारगेटला."

"ती तेव्हा तलावाच्या मातीत होती, कानिफनाथराव."

कानिफनाथच्या चेहऱ्यावरचं पाणी पळालं. तो खुर्चीत आक्रसून गेला.

"मी... मी न्हाई बघितलं कुनाला," तो शेवटी म्हणाला. "पारावर सगळे इचारत हुते. कुनी म्हनं सुरतला गेली, कुनी म्हनं मुंबैला. मी नुकताच पुन्यास्नं आल्तो. म्हून बोलून गेलो. मग लोक पुन्हा पुन्हा इचाराय लागले, च्या पाजाय लागले. एकदा बोलल्यावर मागं कसं घेनार?"

"त्या एका चहापायी एका पोरीचं आयुष्य गेलं," सत्यशीला म्हणाल्या. त्यांना इतका संताप आला होता की त्या उठून बाहेर गेल्या.

गर्जे त्यांच्या मागोमाग आले. "मॅडम, टेम्पो कानिफनाथचा, गाळ त्याच्या रानात, खोटं बोलला तोच. माझा संशय त्याच्यावर आहे."

"तलावातला गाळ आपल्याच रानात ओतून घेईल तो? हाडं कुठं आहेत हे ठाऊक असतं तर त्यानं ते पोकलेन तलावात उतरू दिलं नसतं. तो बढाईखोर आहे, दुसरं काही नाही." त्या पायरीवर बसल्या. "त्या दिवशी पोकलेन कुठल्या बाजूला खणत होतं?"

"भिंतीच्या कडेला. का?"

"झिरा तिथंच होता. गर्जे, तुम्ही दुष्काळी भागातलेच. मोठ्या दुष्काळात तलावाच्या पोटात कोणी पुरुषभर खड्डा खणला आणि आज पाणी लागलं नाही, तर तो काय करतो?"

"आणखी हातभर खणतो," गर्जे चटकन म्हणाले. "नाहीतर तसाच ठेवतो. आज ना उद्या पाझरेल म्हणून. दुष्काळात झिरा बुजवतं कोण?" बोलता बोलता ते स्वतःच गप्प झाले.

"बुजवला अंगदनं. टेम्पो चालवता येत होता अंगदला. पाथर्डीच्या स्टँडवर नेऊन कोण सोडू शकत होतं?"

"हे सगळं तर्काचं झालं, मॅडम. वकील म्हणेल, खड्ड्यात दुसऱ्याच कोणी पुरलं. बायको पळून गेली असंच अंगद धरून चालला होता, असं सगळा गाव सांगेल."

सत्यशीलांना एकदम घर आठवलं. नेवाशाला त्यांचे वडील दरवर्षी भाद्रपदात एक तिथी न चुकता करतात. सकाळपासून सोवळ्यात, कोणाशी न बोलता. सत्यशीलांची आई वडिलांच्या आधी गेली, म्हणून ती तिथी. त्या दिवशी घरी एक सवाष्ण जेवायला येते.

त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"गर्जे, आत्ताच्या आत्ता बोरवाडीला चला. आणि बनुबाईला बरोबर घ्या."

५

मुक्ताबाई ओसरीवर होती. अंगद रानातून नुकताच आला होता, पाय धूत होता. रोहिणी चुलीपाशी भाकरी थापत होती. जीप बघून ती पिठाच्या हातानंच बाहेर आली.

सत्यशीला मुक्ताबाईसमोर बसल्या.

"आजी, पितरपाठात नवमीला तुमच्याकडे बनुबाई जेवते. कुणाच्या नावानं?"

मुक्ताबाईच्या हातातली शेंग गळून पडली.

"जेवायला बोलिवल्यावं कुनाच्या नावानं म्हून कोन इचारतंय," बनुबाई गोंधळून म्हणाली. "मी बी कदी इचारलं न्हाई."

"माझ्या आजीच्या नावानं," अंगद मागून म्हणाला. "तुमाला काय करायचं त्याच्याशी?"

सत्यशीलांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केलं. "याच ना तुमच्या आजी? कपाळ मोकळं आहे. नवरा गेल्यावरच काढलेला फोटो हा. बनुबाई, नवमीला कोणती बाई जेवते?"

"अविधवा नवमी ती," बनुबाई हळूहळू म्हणाली. "नवरा मागं ठिवून जी बाई अहेव मरती, तिची तिथ." तिनं तसबिरीकडे बघितलं, मग मुक्ताबाईच्या पांढऱ्या कपाळाकडे. "मुक्ताक्का... तुमच्या घरात अहेव गेलेली कोन हाय वो?"

मुक्ताबाईनं मान खाली घातली. दावणीचा बैल फुरफुरला.

"एकच असू शकते," सत्यशीला म्हणाल्या. "साऱ्या गावाच्या लेखी पुष्पावती पळून गेली होती. पळून गेलेल्या बाईचं कोणी श्राद्ध घालत नाही. ती मेली, आणि कुंकवासकट मेली, हे ती गेली त्याच सालच्या भाद्रपदात, रोहिणी शाळेत जायला लागली तेव्हाच, या घराला ठाऊक होतं."

अंगदनं हातातला तांब्या फेकला. गर्जे पुढे झाले, पण तो पळाला नाही. ओट्याच्या कडेला टेकून बसला, पाय निथळत होते तसेच.

"माये, तुला म्हनलं हुतं," तो म्हणाला. "तुला म्हनलं हुतं, नगं करू."

"न करून कसं चाललं असतं रं!" मुक्ताबाई फुटली. "रोज सपनात यायची. वटी पसरून उभी राहायची. सवाष्न बाई, तिला न अग्नी, न पानी. मी भ्याले. तुला वाचवायचं हुतं अन् तिलाबी निववायचं हुतं." ती सत्यशीलांकडे वळली. "बाई, तिनं कायबी केलं नव्हतं. पोरीला ताप आल्ता, अवषद आनाय श्रीमंतच्या टेम्पोत तिसगावला गेल्ती. परत येताना ह्येच्यासाठी पान्याचं बॅरल उतरवाय दोगं झिऱ्यावर थांबली. हा तितं खांदत हुता."

"हसत हुते दोगं," अंगद म्हणाला. "माझा टेम्पो गेला, तवा पासनं माझ्याशी कुनी हसून बोललं नव्हतं. त्येच्याशी हसत हुती. पहार हातातच हुती."

सत्यशीलांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. दोन जीव एवढ्यासाठी गेले! सुन्न होऊन त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याच्या चेहऱ्यावर अजूनही तक्रारच होती.

मग त्यांना रोहिणीची आठवण झाली.

रोहिणी उंबऱ्यात उभी होती. रडत नव्हती. पिठानं भरलेले स्वतःचे हात बघत होती.

"आजी," ती म्हणाली, "नवमीचं पान वाढायला तू मलाच लावायचीस."

मुक्ताबाईनं डोळे मिटले.

"बनुमावशीच्या पायावर पाणी मीच घालायची. वटी मीच भरायची. छपरावर कावळ्याला घास बी मीच ठेवायची. तू म्हनायचीस, तुझ्या हातानं ठेव, तुझ्या हातचं लागंल. कावळा शिवला न्हाई की तू रडायचीस, अन् मी तुझे डोळे पुसायची." तिनं हाताचं पीठ ओढणीला पुसलं. "मी माझ्या आईला जेवायला वाढत होते, आजी? दरसाली? अन् दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं मला काय म्हनायची ते तू ऐकत होतीस?"

मुक्ताबाईनं तिच्या पायाशी लोळण घेतली. रोहिणीनं पाय मागे घेतले. तिनं ओरडून काही म्हटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. ती नुसती मागे सरत सरत भिंतीला टेकली आणि खाली बसली. बनुबाई हुंदके देत तिच्याजवळ गेली.

६

झिऱ्याची जागा पुन्हा खणली तेव्हा दोघांचीही बाकीची हाडं मिळाली. अहवाल आला. कवटी रोहिणीच्या आईचीच होती. मांडीच्या हाडावरून सत्यशीलांनी तिची उंची पुन्हा काढली. ती पाच फुटांना थोडी कमीच भरली. श्रीमंत पावणेसहा.

न्यायालयाच्या परवानगीनं हाडं ताब्यात मिळायला पावसाळा संपून गेला. दोन्ही घरची माणसं नगरला आली. घरची म्हणजे काय, एकीकडून लंकाबाई आणि दुसरीकडून रोहिणी. रोहिणीच्या बरोबर बनुबाई होती. मुक्ताबाई आणि अंगद दोघंही कोठडीत होते.

लंकाबाई आणि रोहिणी खरं उघडं पडल्यावर पहिल्यांदाच समोरासमोर येत होत्या. सत्यशीलांना धास्ती होती. म्हातारी काय बोलेल, पोर काय बोलेल.

टेबलावर दोन स्वच्छ फडकी होती. एकावर श्रीमंत, एकावर पुष्पावती. लंकाबाई आधी लेकाशी गेली. त्याच्या कपाळावरून हात फिरवला. मग तिनं पदराचा काठ दातात धरून टरकावला, त्याची हनुवटी बांधली. तिचं काम झालं होतं. तिनं जायला हवं होतं. पण ती तिथंच उभी राहिली.

"पोरी," ती रोहिणीकडे न बघता म्हणाली, "तेरा वर्सं मी हिला तळतळाट दिलं. देवळात, पानवठ्यावं, तुझ्या तोंडावं. माझ्या लेकासंगट ती बी त्याच खड्ड्यात हुती, अन् मी..."

रोहिणीला ते माफ करता येत होतं की नाही, तिचं तिलाही माहीत नसावं. तिनं आईचा जबडा उचलला आणि कवटीला लावायला गेली, पण तिचे हात इतके कापत होते की तो बसेना.

लंकाबाई पुढे झाली. पदराचा दुसरा काठ तिनं फाडला. पोरीच्या हातांवर आपले हात ठेवून जबडा हळूच वर सरकवला. दोन्ही टोकं खोबणीत टेकली. तिनं पट्टी डोक्यावर नेली, गाठ मारली, आणि गाठीवर बोट दाबून धरलं.

"हां," ती म्हणाली. "आता आपल्या जागी बसला."

मग रोहिणी रडली, तेरा वर्षांचं एकदम. लंकाबाईनं तिला जवळ ओढलं आणि फाटलेला पदर सोडून नुसत्या हातानं तिचं तोंड पुसलं.